घरचा संगणक (भाग ९) : फोल्डरच्या कोपऱ्यातला बाण

पेनड्राइव्ह लावला, उघडला आणि आतल्या प्रत्येक फोल्डरच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा वळलेला बाण दिसला, तर लगेच काही करायला जाऊ नका. डबल-क्लिक नको, डिलीट नको, आणि शेजारचा मुलगा कितीही ठामपणे म्हणाला तरी ‘फॉरमॅट मारणं’ तर अजिबात नको. तुमच्या फायली बहुधा जागच्या जागी आहेत. या प्रकारात फायली घालवतो तो बहुतेक वेळा व्हायरस नव्हे, तर घाबरलेला मालक किंवा त्याने बोलावलेला घाईतला दुरुस्तीवाला.

खात्री करून घ्यायची असेल तर ‘धिस पीसी’मध्ये पेनड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आत दिसणारे सगळे बाणवाले फोल्डर मिळून दहा-वीस केबीसुद्धा भरत नाहीत, पण वापरलेली जागा मात्र सहा-सात जीबी दाखवते. ती तुमच्याच फोटोंनी आणि मार्कशीटांनी व्यापलेली आहे. ते सगळं तिथेच आहे, फक्त दिसत नाही.

दिसत नाही, कारण विंडोजमध्ये प्रत्येक फाइल आणि फोल्डरवर काही खुणा करता येतात. त्यातली एक ‘हिडन’, दुसरी ‘सिस्टीम’. ही सोय डॉसच्या जमान्यातली. ज्या फायलींना हात लावला तर संगणक चालूच होणार नाही, त्या वापरणाऱ्याच्या नजरेआड ठेवण्यासाठी ती केली होती. व्हायरस तुमच्या फोल्डरवर या दोन्ही खुणा करतो. मग विंडोज इमानदारीत समजते की हा आपलाच नाजूक ऐवज आहे, आणि तो झाकून ठेवते. व्हायरस मग त्याच नावाचा, त्याच पिवळ्या चेहऱ्याचा शॉर्टकट तिथे आणून ठेवतो. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली ‘टार्गेट’ ही ओळ वाचून पाहा. खऱ्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा पत्ता असतो. इथे भलीमोठी ओळ निघते : आधी कमांड चालव, मग अमुक एक स्क्रिप्ट चालव, आणि शेवटी खरा फोल्डर उघड. ही शेवटची पायरी फार चलाखीची आहे. डबल-क्लिक केल्यावर फोल्डर उघडतो, फोटो दिसतात, माणूस निर्धास्त होतो. तोवर स्क्रिप्ट संगणकात जाऊन बसलेली असते. नंतर त्या संगणकाला जो जो पेनड्राइव्ह लागेल, त्याची हीच गत.

फोल्डर लपवणं हा यातला मूळ उद्देश नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ते केवळ पसरण्याचं साधन आहे. जेन्क्सकस नावाची अशीच एक स्क्रिप्ट गेल्या दशकात जगभर पसरली होती. ती लांब बसलेल्या कुणाकडून हुकूम घ्यायची आणि संगणकाचा ताबा त्याच्या हाती द्यायची. २०१४ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टला तिच्यामागच्या लोकांविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात जावं लागलं. म्हणून ‘फोल्डर दिसतायत ना, मग चालू दे’ हा विचार सोडा.

हातोहात फिरणाऱ्या डिस्कवरून पसरण्याची कल्पना काही नवी नाही. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीवरूनच पसरला, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला होता. आजच्या चोरांना न परवडणारा दिलखुलासपणा! नव्वदच्या दशकात पुण्यात संगणक-दुरुस्ती करणाऱ्या कैलास आणि संजय काटकर या भावांचं क्विक हील उभं राहिलं तेही याच फ्लॉपीच्या साथीतून.

फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला, आणि त्याच्या मदतीला विंडोजची एक सोय धावून आली. विंडोज ९५ पासून सीडी घातली की आतला प्रोग्रॅम आपोआप चालू होई. त्याचं नाव ऑटोरन. डिस्कवर त्याच नावाची एक छोटी फाइल ठेवली की काम झालं. ही सोय पेनड्राइव्हलाही लागू होती, त्यामुळे नुसत्या ड्राइव्हच्या चिन्हावर डबल-क्लिक केलं तरी आतला व्हायरस जागा होई. एक्सपीच्या काळात ज्यांनी सायबर कॅफेत पैसे मोजले आहेत त्यांना ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ आठवत असेल. दिसायला फोल्डर, प्रत्यक्षात प्रोग्रॅम. तो आला की टास्क मॅनेजर उघडेना, फोल्डर ऑप्शन्स मेनूतून गायब. २००६ मध्ये ॲपलच्या काही व्हिडिओ आयपॉडमध्ये विंडोजचा असा एक व्हायरस कारखान्यातूनच भरून आला होता. २००८ मध्ये तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या लॅपटॉपमध्ये ऑनलाइन गेमचे पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला. अंतराळवीरांच्या पासवर्डचं पुढे त्याने काय करायचं होतं, देव जाणे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॉन्फिकर आला. नेटवर्कवरून तो पसरतच होता, शिवाय पेनड्राइव्हवरूनही. पेनड्राइव्ह लावल्यावर येणाऱ्या चौकटीत तो ‘फोल्डर उघडून फायली पाहा’ असा पर्याय फोल्डरच्या चित्रासकट दाखवायचा. तो पर्याय विंडोजचा नसून व्हायरसचा आहे, हे ओळखणं जाणत्यालाही जड जाई. अखेर विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरतं ऑटोरन बंद झालं, आणि २०११ च्या फेब्रुवारीत एक्सपी व व्हिस्टालाही तसा अपडेट मिळाला. आपल्याकडे ‘नेट खातं’ म्हणून अपडेट बंद ठेवलेले जे असंख्य संगणक होते, त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही ही गोष्ट वेगळी.

आपोआप चालण्याचा रस्ता बंद झाल्यावर व्हायरस लिहिणाऱ्यांना तुमच्या बोटाची गरज पडली, आणि तिथून या बाणवाल्या फोल्डरांचे दिवस सुरू झाले. एक मोठा अपवाद होता. इराणच्या नतांझ इथल्या अणुप्रकल्पासाठी बनवलेला स्टक्सनेट २०१० मध्ये उघडकीला आला. त्याला क्लिकही लागत नव्हतं. पेनड्राइव्ह उघडून शॉर्टकटचं चित्र नुसतं पडद्यावर आलं की पुरे. सिमँटेक कंपनीच्या मोजणीत स्टक्सनेटची लागण झालेल्या संगणकांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा तिसरा क्रमांक होता. विशिष्ट कंट्रोलर सापडेपर्यंत तो गप्प बसत असल्याने आपलं काही बिघडलं नाही, एवढंच. विंडोजमधलं ते भोक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुजवलं गेलं.

आता तर सगळं क्लाउडवर, पेनड्राइव्ह वापरतं कोण, असं म्हणणाऱ्याने जूनमध्ये कुठल्याही तालुक्याच्या गावी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहावं. प्रवेशाचे फॉर्म, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, फोटो, सही, सगळं पेनड्राइव्हवर. दुकानातल्या त्या एका संगणकाला दिवसभर इतके पेनड्राइव्ह लागतात की तो निरोगी राहिला तर नवल. दुकानदाराला नावं ठेवणं सोपं आहे. त्याच्यासमोर रांग आहे, प्रत्येकाला शेवटच्या तारखेच्या आत प्रिंट हवी आहे, आणि विंडोज बहुधा ‘क्रॅक’ करून घातलेली आहे. क्रॅक घालताना ॲन्टिव्हायरस बंद करावा लागतो, आणि एकदा बंद केलेला तो पुन्हा कुणी चालू करत नाही. तेच डीटीपीवाल्यांचं, तेच लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं. रास्पबेरी रॉबिन नावाचा २०२१ मध्ये दिसू लागलेला व्हायरस याच शॉर्टकटच्या युक्तीने पेनड्राइव्हवरून पसरला, आणि त्याच्या पाठोपाठ फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या आत शिरल्या. युक्ती जुनी झाली म्हणून निकामी होत नाही.

आता उपाय. यात क्रम महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच चुकतो. लोक आधी पेनड्राइव्ह साफ करतात, तो लागण झालेल्या संगणकालाच पुन्हा लावतात, आणि दोन मिनिटांत बाण परत. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातलाच हा प्रकार. आधी पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा आणि संगणकाकडे वळा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’मध्ये ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ नावाची प्रक्रिया चालू दिसते का बघा. स्क्रिप्ट चालवणारा हा विंडोजचाच प्रोग्रॅम आहे, स्वतः निर्दोष. पण घरच्या संगणकावर तो तासन् तास चालू असण्याचं कारण सहसा नसतं. दिसला तर त्यावर ‘एंड टास्क’. मग ‘स्टार्टअप’चं पान उघडून संगणक सुरू होताना काय काय आपोआप चालतं ते वाचा. निरर्थक अक्षरांच्या नावाचं किंवा प्रकाशकाचं नाव नसलेलं काही दिसलं तर ते डिसेबल करा. डिलीट करायची घाई नको.

नंतर विंडोज सिक्युरिटीत जाऊन ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन निवडा. उघडलेलं काम आधी सेव्ह करा, कारण संगणक स्वतःहून रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण जागी होण्याआधीच तपासणी करतो. त्यामुळे लपून बसलेल्याला बचावाची संधी मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. घरगुती वापराला हा फुकटचा डिफेंडर पुरेसा आहे असं माझं मत आहे, फक्त त्याला रोजचे अपडेट मिळू द्या. दोन ॲन्टिव्हायरस एकत्र घातल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही, संगणक मात्र निम्म्या वेगाने चालतो. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरही सफाईची साधनं मोफत मिळतात. २०१७ पासून हे केंद्र सुरू आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नाही.

संगणक स्वच्छ झाला की मगच पेनड्राइव्ह लावा, त्यावर राइट क्लिक करून तोही स्कॅन करा, आणि लपलेले फोल्डर बाहेर काढा. त्यासाठी स्टार्ट मेनूत ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा. पुढची कमांड फोनवर सांगावी तशी सांगतो, इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या. ‘ए-टी-टी-आर-आय-बी’, जागा सोडा, उणे एच, जागा, उणे आर, जागा, उणे एस, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी, जागा, मग ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, तारा, टिंब, तारा. ड्राइव्हचं अक्षर नीट बघून घाला. पेनड्राइव्ह ‘ई’ असेल तर ई. चुकून ‘सी’ घालू नका, तिथे लपवलेल्या गोष्टी खरोखरच लपवून ठेवायच्या असतात. एंटर दाबा आणि थांबा. खूप फायली असतील तर काळी खिडकी गोठल्यासारखी दिसते. तिला काम करू द्या.

आता बाणवाल्या फोल्डरांशेजारी खरे फोल्डर दिसू लागतील. सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, आणि मग शॉर्टकट आणि स्क्रिप्ट डिलीट करा. खरे फोल्डर अजूनही दिसत नसतील तर बिननावाचा एखादा फोल्डर आहे का शोधा. काही जातीचे व्हायरस सगळा माल एका फोल्डरमध्ये ढकलतात आणि त्याच्या नावाच्या जागी नुसता रिकामा अक्षरठसा ठेवतात. त्यामुळे तिथे नजर जात नाही. आत सगळं शाबूत सापडतं.

झेरॉक्सच्या दुकानात जाताना घरचा पेनड्राइव्ह नेऊच नका. ड्रॉवरात पडलेला जुना चार जीबीचा काढा, लागणारी एक पीडीएफ तेवढी त्यात भरा, आणि घरी आल्यावर तो फॉरमॅट करा. तिथे फॉरमॅट करायला हरकत नाही, आत गमावण्यासारखं काही नाही. कॅमेऱ्याचं मोठं मेमरी कार्ड असेल तर त्याच्या कडेला एक इवलीशी खिट्टी असते, ती लॉककडे सरकवली की बहुतेक संगणक त्यावर काही लिहू शकत नाहीत. पेनड्राइव्हला अशी खिट्टी क्वचितच देतात, ही कंपन्यांची कंजुषी. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवणं व्हायरसच्या दृष्टीने बरं, पण आधारची प्रत दुकानाच्या डाउनलोड्समध्ये महिनोन् महिने पडून राहते. प्रिंट झाल्यावर ती समोरच डिलीट करायला सांगा, रीसायकल बिनमधूनसुद्धा. भिडस्तपणा नको.

आणखी एक अनुभव याच्याशी हमखास गल्लत होण्यासारखा आहे. पेनड्राइव्ह लावल्यावर फोल्डर दिसतच नाहीत, उलट ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट येते. हा बहुधा व्हायरस नसतो. फायलींचा ठावठिकाणा ज्यात लिहिलेला असतो तो भाग खराब झालेला असतो, बऱ्याचदा कॉपी चालू असतानाच पेनड्राइव्ह उपटल्यामुळे. कॅन्सल दाबा. दुसऱ्या पोर्टला, दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तरीही तेच झालं तर त्यावर काहीही नवं लिहू नका, कारण जुन्या फायली त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतात. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम त्या वेचून काढतो. फायलींची नावं परत मिळत नाहीत, त्यामुळे लग्नाचे फोटो आणि विजेची बिलं एकाच ढिगात येतात. निवडत बसावं लागेल. वेचलेलं सगळं संगणकाच्या हार्डडिस्कवर उतरवा, त्याच पेनड्राइव्हवर नव्हे. तो पेनड्राइव्ह यापुढे फार तर गाडीत गाणी ऐकायला ठेवा.