मुक्तस्रोत प्रकल्पाचे संकेतस्थळ : उभारणीपूर्वीचा विचार आणि उभारणीनंतरचा भार

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, सर्वांना पाहता, वापरता, बदलता आणि इतरांना देता यावी, या तत्त्वावर चालणाऱ्या प्रकल्पांना मुक्तस्रोत प्रकल्प म्हटले जाते. अशा प्रकल्पांना बहुधा कार्यालय नसते, हजेरीपत्रक नसते आणि त्यात काम करणाऱ्या अनेकांची एकमेकांशी प्रत्यक्ष भेटही झालेली नसते. बेल्जियममधील विद्यार्थी, कॅनडातील अभियंता आणि पुण्यातील प्रोग्रॅमर एकाच आज्ञावलीवर काम करू लागतात, तेव्हा त्यांची सामायिक जागा म्हणजे त्या प्रकल्पाचे संकेतस्थळ.

एखाद्या कंपनीचे माहितीपर संकेतस्थळ काही काळ बंद पडले, तरी तिच्या कार्यालयातील काम सुरू राहू शकते. मुक्तस्रोत प्रकल्पाचे संकेतस्थळ बंद पडले, तर कामच खोळंबते. त्यामुळे असे संकेतस्थळ उभारताना रंग आणि मांडणीपेक्षा काही वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. ते कोणासाठी आहे, त्याची मालकी कोणाकडे असेल, खर्च कोण करील आणि पुढील दहा वर्षे त्याची निगा कोण राखील, हे ते प्रश्न होत. 'ड्रुपल' या प्रकल्पाचा दोन दशकांहून अधिक काळाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

वसतिगृहातून सुरुवात

ड्रुपल हे संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरले जाणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याचा उगम मात्र एका छोट्या गटाच्या गरजेतून झाला. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात २००० च्या सुमारास इंटरनेटची कायमस्वरूपी जोडणी दुर्मीळ होती. ड्रीस बायटार्ट आणि हान्स स्नायडर या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांदरम्यान बिनतारी दुवा उभारून एकच जोडणी आठ विद्यार्थ्यांत वाटून घेतली. जोडणी मिळाली, पण आपसांत निरोप देण्यासाठी आणि चर्चा करण्यासाठी सोय नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी बायटार्ट यांनी एक लहानसे अंतर्गत संकेतस्थळ तयार केले.

शिक्षण संपल्यावर गट विखुरला जाऊ नये, म्हणून ते संकेतस्थळ इंटरनेटवर नेण्याचे ठरले. डच भाषेत 'डॉर्प' म्हणजे गाव. हे नाव उपलब्ध आहे का, ते पाहताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि 'ड्रॉप' हे नाव नोंदवले गेले. पुढे जानेवारी २००१ मध्ये त्या संकेतस्थळामागील सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले करण्यात आले. थेंब या अर्थाच्या 'द्रुपल' या डच शब्दाच्या उच्चारावरून त्याला ड्रुपल हे नाव मिळाले. या प्रकल्पात आधी समुदाय आला, मग संकेतस्थळ आणि त्यानंतर सॉफ्टवेअर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

येणारा पाहुणा कोण?

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे संकेतस्थळावर येणाऱ्या व्यक्तींचा विचार. साधारणपणे चार प्रकारचे लोक येथे येतात. सॉफ्टवेअर आपल्या उपयोगाचे आहे का, हे पाहणारा नवागत हा पहिला. वापरताना अडलेला आणि मदत शोधणारा वापरकर्ता हा दुसरा. आज्ञावली लिहिणारा, दोष दुरुस्त करणारा किंवा माहितीपुस्तिका तयार करणारा सहभागी हा तिसरा. या सॉफ्टवेअरवर स्वतःचे काम उभे करू पाहणारी संस्था हा चौथा प्रकार होय.

या चौघांच्या गरजा परस्परविरोधी असू शकतात. नवागताला दोन मिनिटांत उत्तर हवे असते, तर जुन्या सहभागीला प्रलंबित कामांची तपशीलवार यादी हवी असते. संकेतस्थळ उभारणारे लोक स्वतः जुने सहभागी असल्याने मांडणी त्यांच्या सवयीची होते आणि नवागत दारातूनच परत फिरतो. अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांचा हा सामान्य दोष आहे. मुखपृष्ठावर हे सॉफ्टवेअर काय करते, ते कसे मिळवावे, मदत कोठे मिळेल आणि सहभागी कसे व्हावे, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात, हा त्यावरील साधा उपाय.

कामाची खरी जागा

संकेतस्थळाचा गाभा असतो तो नोंदवहीत. ड्रुपलच्या संकेतस्थळावर प्रत्येक उपप्रकल्पासाठी दोष आणि सूचनांची अशी नोंदवही वर्षानुवर्षे चालत आली. एखाद्याला दोष आढळला की तो नोंद करतो. दुसरा कोणी दुरुस्ती सुचवतो. मग त्या नोंदीवर 'तपासणी हवी' असा शेरा येतो. तपासणारा त्रुटी दाखवतो तेव्हा शेरा 'काम बाकी' असा बदलतो. अखेर 'समुदायाने तपासले आणि चाचणी घेतली' असा शेरा मिळाल्यावर ती दुरुस्ती मूळ आज्ञावलीत घेण्याचा निर्णय अधिकृत देखभालकर्ता करतो.

हा सारा व्यवहार उघडपणे होतो. एखादा निर्णय का घेतला गेला, हे दहा वर्षांनंतरही वाचता येते. केवळ सुरक्षेशी संबंधित दोष याला अपवाद आहेत. त्यांची माहिती दुरुस्ती तयार होईपर्यंत सुरक्षा गटापुरती मर्यादित ठेवली जाते आणि दुरुस्ती सामान्यतः बुधवारी प्रसिद्ध केली जाते. दिवस आधीपासून ठाऊक असल्याने जगभरातील संकेतस्थळचालकांना तयारीत राहता येते. काय उघड असावे आणि काय काही काळ झाकलेले असावे, हा निर्णयही नियोजनाचाच भाग आहे.

सर्व्हर कोलमडला तेव्हा

लोकप्रियता वाढली की खर्च वाढतो. जुलै २००५ मध्ये ड्रुपलच्या संकेतस्थळाचा सर्व्हर वाढता भार पेलू शकला नाही. नव्या यंत्रासाठी समुदायाला मदतीचे आवाहन करण्यात आले आणि २४ तासांच्या आत सुमारे १० हजार डॉलर जमा झाले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने सर्व्हर दिला, तर अमेरिकेतील ऑरेगॉन राज्य विद्यापीठाच्या मुक्तस्रोत प्रयोगशाळेने तो ठेवण्यासाठी जागा आणि जोडणी देऊ केली.

लोकांचा जिव्हाळा या घटनेत दिसला, तशीच व्यवस्थेची उणीवही उघड झाली. देणगी स्वीकारायची कोणी, यंत्र कोणाच्या नावावर घ्यायचे आणि बिल कोणी भरायचे, हे ठरवण्यासाठी अधिकृत संस्था आवश्यक होती. २००६ मध्ये 'ड्रुपल असोसिएशन' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. सॉफ्टवेअरची दिशा ठरवणे हे तिचे काम नव्हते. सर्व्हर, निधी आणि परिषदा यांचा भार तिने उचलला.

खर्चाचा अंदाज चुकल्यास काय होते, हे पायथॉन या संगणकीय भाषेच्या उदाहरणातूनही दिसते. तिच्या वापरकर्त्यांना तयार सॉफ्टवेअर पुरवणारे 'पायपीआय' हे कोठार २००३ पासून मोजक्या स्वयंसेवकांच्या बळावर चालत होते. जुनी आज्ञावली सांभाळणे कठीण होत गेले. अखेर मोझिलाकडून १ लाख ७० हजार डॉलरचे अनुदान मिळाल्यानंतर नव्या उभारणीला वेग आला आणि एप्रिल २०१८ मध्ये नवे संकेतस्थळ सुरू झाले.

आराखडा लवकर, उभारणी उशिरा

ड्रुपलने २००८ मध्ये आपल्या संकेतस्थळाची पुनर्रचना हाती घेतली. वेल्समधील संकल्पनकार मार्क बोल्टन यांच्या संस्थेकडे हे काम देण्यात आले. बंद दाराआड आराखडा तयार करण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावरील कच्चा नमुना समुदायासमोर ठेवला गेला आणि आलेल्या अभिप्रायांनुसार तो बदलत गेला. हजारो लोकांचे मत विचारात घेतल्याने गोंधळ वाढतो, असा आक्षेप घेता येतो. परंतु ज्यांना ही जागा रोज वापरायची आहे, त्यांना अंतिम रूप अचानक दाखवले, तर विरोध अधिक तीव्र होतो.

नवे संकेतस्थळ प्रत्यक्षात खुले झाले ते २५ ऑक्टोबर २०१० रोजी. आराखडा काढणे हे मुदतीचे काम होते. उभारणी मात्र मोठ्या अंशी स्वयंसेवकांच्या फावल्या वेळेवर अवलंबून होती. जुन्या नोंदी, दुवे आणि खाती न मोडता सारे नव्या रचनेत आणणे हे वेळखाऊ काम असते आणि त्यात फारसे आकर्षण नसते. म्हणून अशा कामासाठी मनुष्यबळाची तरतूद आराखड्याबरोबरच करावी लागते.

नाव कोणाचे?

सॉफ्टवेअर मुक्त असले तरी संकेतस्थळाचे नाव आणि बोधचिन्ह मुक्त असतेच असे नाही. 'ओपनऑफिस' या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे नाव सन मायक्रोसिस्टिम्सच्या मालकीचे होते. २०१० मध्ये ओरॅकलने ही कंपनी ताब्यात घेतल्यावर भवितव्याविषयी शंका निर्माण झाली. अनेक सहभागींनी २८ सप्टेंबर २०१० रोजी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'ची घोषणा केली. आज्ञावली त्यांना नेता आली, कारण परवाना तसा होता. नाव मात्र नेता आले नाही. 'लिब्रेऑफिस' या नव्या नावाने नवे संकेतस्थळ उभारून वापरकर्त्यांना नवा पत्ता सांगत बसणे त्यांना भाग पडले.

यावरून मिळणारा धडा स्पष्ट आहे. पत्त्याची नोंदणी एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर असू नये. ती संस्थेच्या नावावर असावी, आणि संस्था नसेल तर किमान दोन-तीन विश्वासू सहभागींकडे तिची सूत्रे असावीत. आज असंख्य प्रकल्प गिटहबसारख्या सेवेवर मोफत राहतात. ही सेवा २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. तिचा लाभ जरूर घ्यावा, मात्र प्रकल्पाचा स्वतःचा पत्ता असल्यास पुढे बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली तरी वाचक हरवत नाही.

विश्वासाची कसोटी

संकेतस्थळावरून लोक सॉफ्टवेअर उतरवून घेतात, याचा अर्थ ते प्रकल्पावर विश्वास ठेवतात. या विश्वासाला तडा जाण्याचे प्रसंगही आले आहेत. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचे वितरण करणाऱ्या 'कर्नल डॉट ऑर्ग' या संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे आढळले आणि ते काही आठवडे बंद ठेवावे लागले. आज्ञावलीच्या प्रती जगभरातील असंख्य संगणकांवर होत्या आणि प्रत्येक बदलाची गणिती खूण जपलेली होती. त्यामुळे कोणी गुपचूप फेरफार केला असता तर तो लपणे कठीण होते.

मे २०१३ मध्ये ड्रुपलच्या संकेतस्थळाबाबतही असाच प्रकार घडला. सर्व्हरवर बसवलेल्या एका अन्य सॉफ्टवेअरमधील दोषाचा फायदा घेऊन खात्यांच्या माहितीपर्यंत घुसखोर पोहोचले. प्रकल्पाने ही बाब जाहीर केली आणि जवळपास १० लाख खात्यांचे संकेतशब्द बदलण्यास भाग पाडले. ड्रुपलमध्ये दोष नसतानाही फटका ड्रुपलच्या समुदायाला बसला. संकेतस्थळावर अनावश्यक काहीही बसवू नये, सर्व काही अद्ययावत ठेवावे, प्रती अन्यत्र जपाव्यात आणि वापरकर्त्यांची गरजेपुरतीच माहिती घ्यावी, हे नियम अशा अनुभवांतून आलेले आहेत.

श्रेय आणि त्याचा दुरुपयोग

विनामोबदला काम करणाऱ्याला निदान श्रेय मिळावे, ही अपेक्षा रास्त आहे. ड्रुपलने २०१५ मध्ये नोंदवहीतच अशी सोय केली. एखादे काम करणाऱ्या व्यक्तीबरोबर, तिला त्यासाठी वेळ देणाऱ्या संस्थेचेही नाव नोंदवता येऊ लागले. कोणत्या संस्था सॉफ्टवेअर केवळ वापरतात आणि कोणत्या त्यात भर घालतात, हे प्रथमच स्पष्ट दिसू लागले. त्याचबरोबर केवळ श्रेयाची संख्या वाढवण्यासाठी किरकोळ बदल सुचवण्याचे प्रकारही होऊ लागले आणि त्यांना आळा घालण्यासाठी नियम करावे लागले. संकेतस्थळ जे मोजते, त्याकडे लोकांचे श्रम वळतात. म्हणून काय मोजायचे, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

भारतातील सहभाग

ड्रुपलची आशियातील पहिली परिषद १८ ते २१ फेब्रुवारी २०१६ या काळात मुंबईत, आयआयटीच्या पवई येथील परिसरात झाली. भारतीय प्रोग्रॅमर आणि कंपन्या यांचा या प्रकल्पातील सहभाग त्यातून अधोरेखित झाला. आज्ञावली लिहिता न येणाऱ्यांसाठीही येथे वाव आहे. ड्रुपलने भाषांतरासाठी स्वतंत्र दालन ठेवले असून तेथे वेगवेगळ्या भाषांचे गट शब्दांचे पर्याय सुचवतात आणि तपासतात. मराठीसारख्या भाषेत संगणकाचा वापर वाढण्यासाठी अशा दालनाचे मोल मोठे आहे.

लहान प्रकल्पांना एवढा पसारा नको असतो. त्यांना एक स्पष्ट मुखपृष्ठ, माहितीपुस्तिका, दोष नोंदवण्याची जागा, वर्तनाचे नियम आणि परवान्याची प्रत एवढ्यावर सुरुवात करता येते. किमान दोघांकडे चाव्या असाव्यात, प्रतींची तपासणी ठरावीक काळाने व्हावी आणि वर्षाचा खर्च सर्वांना दिसेल असा मांडावा. संकेतस्थळ काही आठवड्यांत उभे राहते. पहिला उत्साह ओसरल्यावर आलेल्या प्रत्येक नव्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी तेथे आहे का, यावर त्या प्रकल्पाचे आयुष्य ठरते.