नोटीस आणि गाजरगवत

पाऊस सुरू होऊन महिना उलटला की शहरांच्या नव्या वस्त्यांतील मोकळे भूखंड गाजरगवताने भरून जातात. भाव चढण्याची वाट पाहत मालकाने जमीन घेऊन ठेवलेली असते. तिच्यावर काय उगवते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. परागकणांनी दमा बळावतो तो शेजाऱ्याचा. लाभ एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याला, असा व्यवहार केवळ बाजारावर सोपवून चालत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच मांडले होते.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आले. पी. एल. ४८० करारातील गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते. पांढऱ्या फुलांचे हे झुडूप लोकांच्या तोंडी ‘काँग्रेस गवत’ झाले. पुढे सरकारे बदलली, गवत मात्र हटले नाही! कर्नाटकाने १९७५ साली ते कायद्याने उपद्रवी तण ठरविले. १९८४ साली बंगळूरला मेक्सिकोतून आणलेले भुंगेरेही त्यावर सोडण्यात आले. भुंगेऱ्यांनी पाने फस्त केली, पण गवताचे उच्चाटन झाले नाही.

पालिकांच्या हाती अधिकार नाही, असे नव्हे. अपायकारक झाडोरा काढण्याची नोटीस मालकास द्यावी आणि त्याने दाद न दिल्यास तो स्वतः काढून खर्च वसूल करावा, ही तरतूद जुनीच आहे. दोष आहे तो वेळेच्या हिशेबात. गाजरगवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. इकडे तक्रार, पाहणी, परगावच्या मालकाचा शोध, नोटीस, मुदत, या क्रमात फुलोरा केव्हाच उलटून गेलेला असतो. बी धरल्यावर गवत उपटणे म्हणजे एका परीने पेरणीच होय. वाऱ्यापाण्याबरोबर ते पसरत असल्याने एकट्याने आपले आवार स्वच्छ ठेवूनही भागत नाही.

म्हणून दरवर्षी पावसाच्या आरंभी सर्वांना मिळून एकच तारीख जाहीर करावी आणि ती उलटताच पालिकेने गवत काढून खर्च मालमत्ता कराच्या बिलात घालावा. कराची थकबाकी मिळकतीवर बोजा म्हणून राहते. तेव्हा मालक सापडत नाही ही सबब उरणार नाही. यासाठी कायद्यात थोडी दुरुस्ती लागेल, ती करावी. भविष्यनिर्वाह निधीतून लहानसा भूखंड घेतलेल्या नोकरदाराला हा बोजा जाचेल, हा आक्षेप खोटा नाही. त्याला वेळीच गवत काढून तो टाळता येईल. नियम पालिकेच्या स्वतःच्या पडीक जागांनाही लागू हवा, नाहीतर नागरिक तो मानणार नाहीत.

आणखी एक खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही. हे गवत बहुधा कंत्राटी मजूर उघड्या हातांनी उपटतात आणि त्यांच्या त्वचेवर पुरळ उठते. हातमोजे व औषधपाणी यांची रक्कमही भूखंडमालकाच्या बिलातच धरली पाहिजे.