पाण्याची पाळी

माझ्या नवऱ्याला बोट लागते. तरीही गेली पंधरा वर्षं तो दर दोन वर्षांनी समुद्रावरच्या क्रूझला येतो, कारण मी जाते. सिंगापूर झालं, भूमध्य समुद्र झाला, अलास्का झालं; करोनानंतर मुंबईहून लक्षद्वीपही झालं. माहेर कोकणातलं आणि संसार नोएडात. इथून सगळ्यात जवळचा समुद्र हजारभर किलोमीटरवर. वेड लागायला तेवढं पुरेसं आहे.

गेल्या मार्चमध्ये मात्र मी नमतं घेतलं आणि आम्ही नदीवरच्या क्रूझला गेलो. कोलकात्याहून हुगळीने वर, मुर्शिदाबादपर्यंत, सात रात्री. नवऱ्याने गोळ्यांची पट्टी खिशात ठेवली होतीच.

पहिला धक्का आकाराचा. समुद्रावरच्या जहाजावर मी दहा मजले चढते-उतरते, संध्याकाळी नाटक बघते, आणि बाहेर पाणी आहे हे कधीकधी विसरूनही जाते. इथे वीस-बावीस खोल्या, तीन मजले, एकच जेवणघर. पहिल्या रात्री मला चक्क फसवल्यासारखं वाटलं. एवढ्या पैशांत ना तरणतलाव, ना कॅसिनो! दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर समोर शंभर हातांवर एक बाई घाटावर भांडी घासत होती. तिने मान वर करून पाहिलं, मीही पाहिलं. समुद्रावर पंधरा वर्षांत माझ्याकडे बाहेरून कुणी पाहिलं नव्हतं.

कर्तव्य म्हणून थोडी माहिती देते. युरोपात हा धंदा मुरलेला आहे. ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा १९९२मध्ये पुरा झाला, आणि त्यावरच्या जलपाशांची, म्हणजे लॉकची, रुंदी १२ मीटर असल्यामुळे तिथली बहुतेक जहाजं पट्टीसारखी लांब आणि अरुंद असतात. आपल्याकडे हा विषय घराघरांत पोचला तो १३ जानेवारी २०२३ला वाराणसीहून निघालेल्या 'गंगा विलास'मुळे: ६२ मीटर लांब, १८ खोल्या, ५१ दिवस, ३,२०० किलोमीटर, बांगलादेशातून थेट दिब्रुगढपर्यंत. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. बाकीचं एजंट सांगेल.

मला सांगायचं आहे ते खोलीविषयी. म्हणजे राहायच्या खोलीविषयी नव्हे, पाण्याच्या.

समुद्रावरच्या मोठ्या जहाजाचा सात-आठ मीटरचा भाग पाण्याखाली असतो आणि त्याची प्रवाशाला कधी आठवणही होत नाही. 'गंगा विलास'चा असतो १.४ मीटर. माझ्या गळ्यापर्यंत म्हणा. एवढंसं जहाजसुद्धा नदीत वाटेल तिथून जाऊ शकत नाही. नदी किलोमीटरभर रुंद दिसते, पण त्यातली जहाजाची वाट एखाद्या गल्लीएवढी असते, आणि ती गल्ली दर पावसाळ्यात जागा बदलते. म्हणून वाट दाखवायला स्थानिक पायलट असतो, वाटेच्या कडेने बांबू रोवलेले असतात, आणि काही ठिकाणी बांबूच्या ताट्या तिरक्या उभ्या करून पाणी एका बाजूला ढकललेलं असतं. ताट्यांमुळे प्रवाह आवळतो, वेग वाढतो, आणि पाणीच तळाची वाळू उचलून नेतं. ना यंत्र, ना डिझेल. या कामाला 'बंडालिंग' म्हणतात. हे सगळं बघणाऱ्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचं मुख्यालय नोएडाच्या सेक्टर १मध्ये आहे. म्हणजे मी वर्षानुवर्षं ज्या इमारतीवरून भाजी आणायला जाते, तिथे गंगेच्या तळाचे आकडे येत असतात! प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ तिथूनच चालतो.

आमचा पायलट पन्नाशीचा, कमी बोलणारा. चौथ्या दिवशी काटव्याच्या पुढे जहाजाचा वेग अगदी पडला. मी डेकवरून विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "अभी उनका दस दिन चल रहा है।"

कुणाचे दहा दिवस? संध्याकाळी चहावर उलगडा झाला, आणि तेव्हापासून मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटले आहे. भागीरथी, म्हणजे हुगळीचाच वरचा भाग, ही गंगेची जुनी वाट. ती गंगेपासून फुटते तिथेच गाळाने इतकी भरली होती की वर्षातले बरेच महिने गंगेचं पाणी तिच्यात शिरत नसे. कोलकाता बंदर गाळाने मरू नये म्हणून १९७५मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि ३८ किलोमीटरच्या कालव्याने गंगेचं पाणी भागीरथीत सोडलं गेलं. बांगलादेशाशी या पाण्याची वाटणी ठरली डिसेंबर १९९६च्या तीस वर्षांच्या कराराने. त्यात ११ मार्च ते १० मे या टंचाईच्या काळात दहा-दहा दिवसांच्या पाळ्या आहेत: एका पाळीत बांगलादेशाला ३५,००० क्युसेकची हमी, पुढच्या पाळीत भारताला. पहिली पाळी त्यांची. आम्ही नेमके मार्चच्या मध्यावर होतो.

कालव्यावरची पाण्याची पाळी मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. पाटकरी येतो, दार उघडतो, रात्री दोनला शेतात कंदील घेऊन उभं राहावं लागतं. पण माझं सुग्रास जेवण आणि इस्त्रीची चादर घेऊन चाललेलं जहाजही कुणाच्या तरी पाळीवर तरंगतंय, हे कळल्यावर माझी समुद्राची ऐट बरीच उतरली. त्याच बंधाऱ्याने इलिश माशाची वाट अडवली, हेही तिथेच कळलं. पूर्वी हा मासा समुद्रातून गंगेने, मग यमुनेने चढत आग्रा-दिल्लीपर्यंत येत असे. आता दिल्लीच्या बंगाली वस्तीत, चित्तरंजन पार्कच्या बाजारात, तो बर्फातून येतो.

आता थोडं विषयांतर, पण ते टाळणं मला शक्य नाही. काठावर हिंडवणारा आमचा वाटाड्या तरुण बंगाली होता. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर तो हसून म्हणाला, "म्हणजे बर्गी!" बंगालमध्ये आजही मुलांना झोपवताना ज्यांची भीती घालतात ते बर्गी म्हणजे आपले बारगीर: ज्यांना घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे ते. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२मध्ये अजय आणि भागीरथीच्या संगमावर, याच काटव्यात, तळ दिला होता. पश्चिम काठाची गावं जळत होती आणि माणसं नावांनी पूर्वेकडे पळत होती. घोडदळाला नदीने अडवलं. त्या शरदात भास्कररामांनी दुर्गापूजा मांडली, आणि ती चालू असतानाच नवाब अलीवर्दीखानाने नावांचा पूल बांधून रात्रीत छापा घातला. त्यानेच १७४४मध्ये मानकरा इथे बोलण्यांच्या निमित्ताने तंबूत बोलावून त्यांना ठार केलं. कोलकातेकरांनी धास्तीने खणलेला खंदक पुरा झालाच नाही. बागबाजारात त्याच्या नावाची मराठा डिच लेन तेवढी आहे. गंगाराम नावाच्या कवीने १७५१च्या सुमारास या धुमाकुळावर काव्य लिहिलं, नाव 'महाराष्ट्र पुराण'. आपल्या शाळेच्या पुस्तकात अटकेपार झेंडे होते, हे नव्हतं. मुर्शिदाबादजवळच्या खुशबागेत अलीवर्दीच्या कबरीपाशी उभं राहिल्यावर नक्की कुणाच्या बाजूने हळहळावं ते मला ठरवता येईना. वाटाड्याने शहाळं आणून दिलं.

खुशबागेला उतरायला धक्का नव्हताच. जहाजाने चिखलाच्या काठाला नाक लावलं, फळी टाकली, दोन खलाशांनी बांबू आडवा धरला आणि त्याला धरून आम्ही उतरलो. माझे वडील जयगडच्या खाडीत पडावातून बोटीवर चढत, त्याची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. अलास्कात ती कधी आठवली नव्हती.

नदीवर सगळंच गोड आहे असं नाही. अंधार पडला की जहाज नांगर टाकून उभं, कारण रात्री वाट दिसत नाही. वीस खोल्यांच्या जहाजावर एखादं बोलकं जोडपं असलं तर सात दिवस सुटका नाही. आणि क्षितिज? ते नाही. मला रोज संध्याकाळी त्याची चुटपुट लागायची.

परत आल्यावर यमुनेकडे बघायची सवय लागली. दिल्लीच्या जगतपूरपासून प्रयागराजपर्यंत यमुनाही कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक ११०, लांबी १,०८० किलोमीटर. सोनिया विहार ते जगतपूर बोटी चालवायचा करार मार्च २०२५मध्ये झाला. वजिराबादच्या बंधाऱ्यावर, वरच्या अंगाला, पाणी पाण्यासारखं दिसतं. खालच्या अंगाला काय दिसतं ते दिल्लीकरांना माहीत आहे. सोनिया विहारच्या काठावर एका नावाड्याला मी खोली विचारली. त्याने हातातला बांबू पाण्यात खुपसला, वर काढला, आणि ओली खूण मला दाखवली. कमरेला लागेल एवढी.

नवऱ्याने ब्रह्मपुत्रेची चौकशी सुरू केली आहे. मला डिसेंबरात समुद्र हवा आहे. गोळ्यांची पट्टी त्याने फोडली नाही, पण कपाटातून काढूनही टाकलेली नाही.