विषारी पाहुणा

आम्हा होमिओपॅथांच्या पेटीत सापाच्या विषापासून केलेले लॅकेसिस असते. त्यामुळे विष म्हटले की मला आधी औषध आठवते.

लायनफिश हा मासा मूळचा हिंदी व प्रशांत महासागरांतला. १९८५ साली तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. हौसेने पाळलेले मासे कुणीतरी समुद्रात सोडले असावेत, असे मानतात. तिथे त्याला खाणारे फारसे कुणी नाही आणि मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते. पुढे कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांवरची लहान मासळी तो फस्त करू लागला.

त्याच्या अंगावर १८ विषारी काटे असतात. विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निकामी होते. म्हणून काटा टोचल्यास तो भाग सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून ठेवतात. हे विष प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर तपासले गेले आहे, पण त्यापासून औषध झालेले नाही. रुग्णाला आशा दाखवताना हा फरक सांगितलाच पाहिजे. सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल निघाले, तेही बऱ्याच वर्षांच्या संशोधनानंतर.

बेलीझमधील स्त्रिया या माशाच्या परांचे दागिने करतात. फ्लोरिडात त्याचे कातडे कमावतात.

मी जैन. मासे मारा, असे माझ्या तोंडून निघणार नाही. पण पाळलेला जीव परक्या पाण्यात सोडणे ही जीवदया नव्हे, एवढे निश्चित सांगतो. आपल्या काचेच्या टाकीतला मासा तळ्यात सोडण्यापूर्वी तिथल्या माशांचाही विचार करावा.