खिडक्यांचा कारभारी

रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात आपण कधी गेला असाल, तर माल मांडण्याच्या दोन रीती आपल्या नजरेस आल्या असतील. गादीवर गिऱ्हाइकासमोर साड्या एकीवर एक उलगडतात. हवी ती वर ओढावी, बाकीच्या खाली झाकल्या जातात. मागच्या फळ्यांवर मात्र तागे शेजारी शेजारी रचलेले असतात. एकही दुसऱ्याला झाकीत नाही. जुन्या संगणकासाठी हलका विंडो मॅनेजर कसा निवडावा, हा आजचा विषय समजून घेताना या दोन रीती आपल्या उपयोगी पडतील.

हा प्रश्न आजच का निघाला? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट स्मृती आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. त्यामुळे दुकानांतील आणि घरांतील कित्येक धडधाकट संगणक एकाएकी निकामी ठरले. ते भंगारात घालण्यापूर्वी लिनक्स बसवून पाहावे, हे शहाणपणाचे.

लिनक्सचा आरंभ १९९१ सालचा. परंतु त्यावर दीर्घकाळ खिडक्या दाखवीत आलेली एक्स विंडो प्रणाली त्याहून जुनी, १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेली. पडद्यावर चित्र उमटविणे हे तिचे काम. खिडकी कोठे ठेवावी, तिला चौकट कशी असावी, ती मिटावी कशी, हा कारभार तिने मुद्दाम दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपविला. तोच विंडो मॅनेजर. आपण त्याला खिडक्यांचा कारभारी म्हणू. घर तेच ठेवून कारभारी बदलता येतो, ही या व्यवस्थेची मोठी सोय होय. केडीई किंवा ग्नोम यांच्यासारखी संपूर्ण दालने निवडली, तर कारभाऱ्याबरोबर मोठा लवाजमाही येतो, आणि जुन्या यंत्राचा दम तेथेच लागतो.

हलक्या कारभाऱ्यांच्या दोन जाती आहेत. गादीच्या रीतीने खिडक्या एकमेकींवर ठेवणारे आइसडब्ल्यूएम, जेडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स आणि ओपनबॉक्स ही पहिली जात. यांपैकी आइसडब्ल्यूएमच्या तळाशी पट्टी, मेनू आणि घड्याळ असते. विंडोजची सवय झालेल्या माणसाला ते परके वाटत नाही. ओपनबॉक्स उघडा केला तर पट्टीही नसते. रिकाम्या जागी माऊसचे उजवे बटण दाबावे, तेव्हा मेनू निघतो. फळीच्या रीतीने खिडक्या शेजारी शेजारी बसविणारे आय-थ्री आणि डीडब्ल्यूएम ही दुसरी जात. आय-थ्री २००९ सालचा. तो मुख्यतः कळफलकावर चालतो. डीडब्ल्यूएममध्ये फेरबदल करायचा तर त्याचा मूळ कोडच बदलून पुन्हा बांधावा लागतो.

येथे आपली फसगत होण्याचा संभव आहे. सर्वांत कमी स्मृती खाणारा तो सर्वांत चांगला, असे मनाला वाटते. परंतु समजा, पंडरीतील एखाद्या दुकानात साठीचे मुनीमजी त्या यंत्रावर बसणार आहेत. डीडब्ल्यूएममुळे वाचलेल्या काही मेगाबाइटांसाठी त्यांनी नव्या कळांची जंत्री पाठ करावी काय? यंत्राचा भार उतरवून तो माणसाच्या डोक्यावर ठेवला, तर हलकेपणा साधला असे म्हणता येणार नाही. त्यांना आइसडब्ल्यूएम द्यावा. त्यांच्या नातवाने, ज्याला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, त्याने आय-थ्री खुशाल वापरावा.

आपल्या भाषेपुरती एक गोष्ट विसरू नये. मोठ्या दालनांत देवनागरी टंकलेखनाची सोय मांडणीतच असते. हलका कारभारी ती आपण होऊन चालू करीत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक सुरू करण्याची आज्ञा आपण स्वतः आरंभाच्या फायलीत लिहावी लागते; ओपनबॉक्समध्ये तिचे नाव ऑटोस्टार्ट, आइसडब्ल्यूएममध्ये स्टार्टअप. हे केले नाही, तर मराठी पत्र लिहावयास बसलेला मनुष्य यंत्रालाच दोष देईल.

आणखी दोन सावधगिऱ्या. हिशेबाचा प्रोग्रॅम केवळ विंडोजसाठी असेल, तर तो लिनक्सवर चालतो की नाही, हे आधी पाहावे. दुसरे, खरा स्मृतिभक्षक बहुधा ब्राउझर असतो. त्याची वीस पाने एकदम उघडी ठेवली, तर कोणताही कारभारी दोन गिगाबाइटांच्या यंत्राला वाचवू शकणार नाही.

निवड करण्याची रीत मात्र सोपी आहे. दोन-तीन कारभारी एकाच संगणकावर बसवावेत. प्रवेशाच्या पडद्यावर हवा तो निवडता येतो, आणि पहिला कोठे जात नाही. मग प्रत्येकाबरोबर आठवडाभर रोजचे काम करावे. ज्याच्या राज्यात आपल्याला कारभाऱ्याची आठवणच होत नाही, तो आपला.