रचना ऋतूची की सणाची?

नाताळच्या दिवसांत अमेरिकेत हमखास कानी पडणारी ‘स्ले राइड’ ही वाद्यरचना वस्तुतः नाताळची नव्हेच. लेरॉय अँडरसन यांनी ती लिहावयास घेतली १९४६ च्या उन्हाळ्यात, कनेक्टिकटमध्ये अंगाची लाही होत असताना. आणि बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाने आर्थर फीडलर यांच्या संचालनाखाली ती प्रथम वाजविली मे १९४८ मध्ये. घोडे जुंपलेल्या गाडीतून बर्फावरचा फेरफटका, एवढाच तिचा विषय. लाकडी ठोकळ्यांवर टापा उमटतात, चाबूक कडाडतो, आणि अखेरीस ट्रंपेट चक्क घोड्यासारखे खिंकाळते!

१९५० मध्ये मिचेल पॅरिश यांनी तिला शब्द दिले. त्यांतही नाताळचा उल्लेख नाही. मेजवानी आहे, ती वाढदिवसाची. पुढे काही गायकांनी वाढदिवस काढून तेथे नाताळ घातला. सणाच्या बाजारपेठेला तेच सोयीचे होते. मल्हार केवळ नारळी पौर्णिमेलाच गावा असा दंडक कोणी घातला, तर आपले रसिक तो मानतील काय? जानेवारीत न्यू इंग्लंडमध्ये बर्फाचे दिवस ऐन भरात असतात. परंतु तोवर तेथील नभोवाणी केंद्रांनी ही रचना बासनात गुंडाळून ठेवलेली असते.