काटा आणि काच

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीनजीकच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर जातीचे विमान उतरले, आणि ज्या बुलढाणा जिल्ह्यात नियमित विमानसेवेचा तळ अद्याप नाही, त्यातील खामगाव, मेहकर, मलकापूरकडील लोकांना आकाशमार्गाचे आणखी एक द्वार उपलब्ध झाले. त्याच बेलोऱ्यास वैमानिकांचे विद्यालय उभारण्याचा संकल्प एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केला असून, त्यासाठी मागविलेल्या ३४ विमानांत, म्हणजे ३१ एकइंजिनी पाइपर व ३ दोनइंजिनी डायमंड यांत, वैमानिकापुढे काट्यांच्या तबकड्यांऐवजी गार्मिन कंपनीचे जी-१००० हे काचेचे पडदे असावयाचे आहेत. खामगावाहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशा वाटेने तेथे शिकावयास जाणाऱ्या आमच्या मुलामुलींची उड्डाणविद्येशी पहिली ओळख, अशा रीतीने, काचेवरच होणार. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि काटा जाऊन काच आली तेव्हा नेमके काय लाभले, काय गेले, आणि वैमानिकाच्या कर्तव्यात काय यत्किंचितही बदलले नाही, याचा विचार ज्यांची मुले या मार्गाला लागणार आहेत त्या सामान्य वाचकांनीही करावा, असे मला मनापासून वाटते.

निरभ्र दिवसा विमान सरळ आहे की कललेले, हे सांगण्यास बाहेरचे क्षितिज पुरते. अजिंठ्याच्या डोंगराची धार, पूर्णेचे पात्र, आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे ते वर्तुळाकार विवर ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला वर कोणते व खाली कोणते हे विचारावे लागत नाही. परंतु रात्र पडली, अथवा श्रावणातील ढगात विमान शिरले, म्हणजे हा आधार तत्क्षणी नाहीसा होतो, आणि शरीराची जाणीव वैमानिकाला फसवू लागते. आपल्या कानाच्या अंतर्भागी ज्या अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांतील द्रव केवळ गतीतील फरक ओळखतो. वळण संथ व दीर्घकाळ चालले, की तो स्थिरावतो आणि कललेला मनुष्य आपण सरळ आहोत अशी पूर्ण खात्री बाळगतो. त्याने मग विमान खरोखर सरळ केले, तर त्याला ते उलट बाजूस कलल्याचा भास होतो. या भ्रमावर इच्छाशक्तीचा उपाय चालत नाही; उपाय एकच, आणि तो म्हणजे शरीराची साक्ष बाजूस ठेवून यंत्राची साक्ष ग्राह्य धरणे.

हे शक्य आहे, याचा प्रत्यय अमेरिकन वैमानिक जेम्स डूलिटल याने २४ सप्टेंबर १९२९ रोजी आणून दिला. बाहेरचे काही दिसू नये म्हणून आच्छादन घातलेल्या आसनात बसून, केवळ यंत्रांच्या आधारे त्याने विमान उडविले, फिरविले आणि उतरविले. वेग, तोल, उंची, चढ-उतार, दिशा व वळण सांगणाऱ्या सहा तबकड्यांचा संच पुढे वैमानिकाच्या दृष्टीसमोर रूढ झाला. त्यांतील उंचीमापकात हवा काढून बंद केलेली धातूची पातळ डबी असते. विमान वर चढू लागले की भोवतालचा दाब घटतो, डबी फुगते आणि तिच्याशी जोडलेली चाके काटा सरकवितात. कृत्रिम क्षितिजात वेगाने फिरणारे चाक असते, आणि फिरणारे चाक आपल्या अक्षाची दिशा सहसा सोडीत नाही या गुणामुळे, विमान कितीही कलले तरी खरे क्षितिज कोठे आहे हे ते दाखवीत राहते. संगणकाचे नावही नसलेल्या काळात मनुष्याने पितळ, पोलाद आणि हवेचा दाब यांतून एवढे सत्य काढून घेतले, ही गोष्ट आजही आदरास पात्र आहे.

काट्याचा एक विशेष गुण शेतकऱ्यास निराळा सांगावयास नको. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरवर व्होल्टचा काटा असतो. रात्रीच्या पाळीला पाणी द्यावयास गेलेला मनुष्य त्यावरील आकडा वाचीत बसत नाही, काटा नेहमीच्या जागी आहे की खाली लोळला आहे एवढे पाहतो, आणि तेवढ्यावरून मोटार चालू करावी की न करावी हे ठरवितो. विमानातील काटाही अशीच जागा दाखवितो, आणि त्याच्या सरकण्याच्या त्वरेवरून बदल किती वेगाने होत आहे हेही कळते.

मात्र या यंत्रांचे दोषही गंभीर होते. जुन्या उंचीमापकात शेकडा, हजार व दहा हजार फुटांचे तीन काटे एकाच तबकडीवर फिरत, आणि घाईत वा थकव्यात दहा हजार फुटांची गफलत होई. पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स या संशोधकांनी १९४७ साली यंत्रवाचनातील २७० चुकांची शहानिशा करून असा निष्कर्ष मांडला की, ज्यांना आपण वैमानिकाची चूक म्हणतो, त्यांतील पुष्कळ चुकांचे मूळ यंत्राच्या रचनेत असते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या प्रवासी विमानाच्या कक्षात शंभरावर यंत्रे व खटके दाटले होते, आणि मनुष्याच्या दोन डोळ्यांना तो पसारा आवरेना.

त्यातून काचेचे पडदे जन्मास आले. अमेरिकेतील नासा या संस्थेने बोइंग ७३७ विमानावर केलेल्या प्रयोगांनी मार्ग दाखविला, आणि १९८२ च्या सुमारास बोइंग ७६७ व एअरबस ए-३१० ही विमाने असे पडदे घेऊन सेवेत दाखल झाली. आज एटीआर ७२-६०० सारख्या मध्यम विमानातही पाच पडदे असतात. येथे फिरत्या चाकाची जागा सूक्ष्म संवेदकांनी घेतली असून, त्यांनी दिलेल्या मोजमापांवरून संगणक पडद्याच्या रुंदीभर आकाश व भूमी रेखाटतो. वेगाच्या पट्टीशेजारी उमटणारा बाण काही सेकंदांनंतर वेग किती झालेला असेल हे आधीच सांगतो. पुढील वादळ, डोंगर आणि मार्ग एकाच नकाशावर दिसतात. आणि जी-१००० मध्ये एखादी माहिती विश्वासार्ह उरली नाही, तर तिच्या जागी तांबडी फुली येते. न समजणारे यंत्र आपले अज्ञान स्वतःच कबूल करते, हा गुण किती मोलाचा आहे, हे मुंबईच्या एका दुर्घटनेवरून पटते.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. समुद्रावर येताच किनाऱ्याचे दिवे मागे पडले आणि समोर केवळ काळोख उरला. उजवीकडील किंचित वळणानंतर विमान सरळ झाले, परंतु मुख्य वैमानिकापुढील कृत्रिम क्षितिज ते अद्याप उजवीकडेच कललेले आहे असे दाखवीत राहिले. ती खोटी साक्ष खरी मानून त्याने विमान डावीकडे वळविले, आणि अधिकाधिक वळवीत नेले. कक्षात आणखी दोन कृत्रिम क्षितिजे होती. बिघडलेल्या यंत्रावर विसंबू नये असा इशारा उड्डाण-अभियंत्याने दिल्याचे ध्वनिमुद्रणावरून पुढे निष्पन्न झाले. पण उड्डाणानंतर दोन मिनिटे पुरी होण्यापूर्वीच वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर ते विमान समुद्रात कोसळले. २१३ माणसांतून एकही वाचले नाही.

यावरून काचेचा पक्ष सिद्ध झाला, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण नष्ट झाले, ते ए-३३० हे पूर्णतः काचेच्या पडद्यांचे विमान होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकल्याने वेगाची मापे अल्पकाळ परस्परविसंगत झाली, स्वयंचालकाने सूत्रे सोडली, आणि गोंधळलेल्या वैमानिकाने नाक वर खेचून ठेविल्याने विमानाचा आधार सुटला. तोल दाखविणारी यंत्रे चालू असतानाही २२८ जीव गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने लहान विमानांचा अभ्यास करून २०१० साली असा अहवाल दिला की, काचफलकांच्या विमानांना एकूण अपघात कमी होत असले, तरी त्यांतील प्राणघातक अपघातांचे प्रमाण मात्र अधिक आढळले. आणि त्या त्या यंत्रणेचे विशिष्ट शिक्षण द्यावे, अशी शिफारस मंडळाने केली.

या दोन्ही दुर्घटना शेजारी ठेवल्या, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होते. काटा असो वा काच, कोणत्याही एका साक्षीदाराच्या जबानीवर निकाल द्यावयाचा नाही, दुसऱ्या व तिसऱ्या यंत्राशी तिची पडताळणी करावयाची, आणि ही पडताळणी भीतीच्या क्षणीही हातून सुटू नये इतकी अंगवळणी पाडावयाची, हे वैमानिकाचे मूळ शिक्षण होय. काचेने माहिती एकत्र आणून डोळ्यांचे श्रम वाचविले; परंतु सारे एकाच सुबक चित्रात दिसू लागले, की त्या चित्रामागे निरनिराळे संवेदक आहेत आणि त्यांतील एखादा चुकू शकतो, याचे विस्मरण होण्याचा धोकाही तिनेच आणला. जुन्या तबकड्यांत हा वेगळेपणा डोळ्यांना सतत दिसत असे. आता तो विद्यार्थ्याच्या मनात शिक्षकाने मुद्दाम निर्माण केला पाहिजे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च सामान्य कुटुंबास प्रसंगी शेत गहाण ठेवून उभारावा लागतो. म्हणून चिखलीच्या वा जळगाव जामोदच्या ज्या पालकांना आपली मुले उड्डाणविद्यालयात धाडावयाची आहेत, त्यांनी विमाने किती नवी आहेत एवढेच विचारून थांबू नये. मुख्य पडदा काळा करून केवळ राखीव यंत्रांवर विमान चालविण्याचा सराव किती वेळा दिला जातो, मुद्दाम खोटा आकडा दाखवून विद्यार्थ्याची पारख केली जाते काय, आणि अनुकरणयंत्रात अशा बिघाडांसाठी किती तास राखून ठेविले आहेत, हे तीन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत, आणि त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावाचून प्रवेशाच्या कागदांवर सही करू नये.